पुनवेच्या कुर्ल्या

कोरगाव, पेडणे
२६ ऑक्टोबर २०२५

सेजलबाय,

आशीर्वाद तर आहेतच, ते काय पाकिटात घालून पाठवायची वस्तू नव्हे. पण चतुर्थीनंतर तू एकदा म्हणालीस, "मामा, आता फोन नको, पत्र लिहीत जा," तेव्हापासून मी विचारात पडलोय. सिंगापुरात राहणारी मुलगी, हातात चोवीस तास फोन, आणि तिला म्हणे पत्र हवं! आमच्या पोस्टातला शंभू चष्मा वर करून म्हणाला, "बाबुराव, परदेशाचं तिकीट शेवटचं कोणाला विकलं तें माकाच याद ना." पण तुला आवडतं ना, मग लिहितो. तुझ्या आईचा मी चुलतभाऊ असलो तरी सख्ख्या मामाचा मान तू दिलास, तेव्हा एवढं करायलाच हवं.

मुद्द्यावर येतो. मिठागराच्या कडेचं आमचं जुनं तळं तुला आठवतं? मे महिन्यात तुमच्या सर्वणहून यायचीस तेव्हा त्यात पाय सोडून बसायचीस, आणि एकदा कुर्लीने अंगठा धरला म्हणून अख्खा वाडा गोळा केला होतास. ते तळं मी साफ केलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं ते मानशीचं लाकडी दार नवीन बसवलं. त्यात कुर्ल्या पोसायच्या असं मनात आहे. सायकलच्या मागे टोपली बांधून केरीहून म्हापशाला कुर्ल्या नेल्या, मग टेंपो घेतला, मग हमरस्त्यावर खानावळ घातली. दुसऱ्याने धरलेली कुर्ली विकून इथवर आलो. एकदा स्वतःची वाढवून बघायची आहे.

तुषारला हे पटत नाही. मोपाच्या विमानतळावर तो भाड्याच्या गाड्या चालवतो, बरं चाललंय पोराचं. दिल्लीचे एक गृहस्थ तळ्याची जागा मागताहेत, तिथे त्यांना कसलंतरी हॉटेल उठवायचं आहे. तुषार म्हणतो, "पप्पा, जगभर खेकड्यांचं उत्पादन वाढतंय. चीनने ढीग घातलाय. तुमच्या तळ्यातल्या कुर्लीक कोण विचारतलो?" आणि मोबाइल पुढे करतो. मोबाइलवर कुर्लीचं चित्र आणि वर वर जाणारी एक रेघ. शेवटी मी त्याला शब्द दिला. शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, तळं चाललं तर चाललं, नाहीतर सही करून मोकळा होतो.

तुझी नोकरीच ती. कुठल्या देशात किती कुर्ल्या निघाल्या, कुठे वाढल्या, कुठे घटल्या, हे तू रोज मांडत असतेस. तेव्हा माणसाला कळेल असं लिही. ती रेघ खरी आहे का?

तुझी आई भाऊबीजेला आली होती. येईल-जाईल त्याला सांगत होती, आमचं सेजल आता मोठी साहेबीण झालं. विमलामामी विचारते, तिथे उकडा तांदूळ मिळतो का.

तुझा
बाबुमामा


सिंगापूर
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबुमामा,

पाकीट फोडलं तर खानावळीतल्या फोडणीचा वास आला. थट्टा नाही, खरंच आला. पत्र मामीने कुझनीत चुलीशेजारी ठेवलं होतं ना?

तुषारदादाची रेघ खरी आहे, पण त्या एका रेघेत जगभरच्या नाना जातीच्या कुर्ल्यांची मोट बांधली आहे. ती सोडून दाखवते.

चीन सगळ्यांच्या पुढे आहे, यात वाद नाही. पण तिथे भरपूर पिकते ती गोड्या पाण्यातली केसाळ नांग्यांची कुर्ली, तळ्यांत आणि भाताच्या खाचरांतसुद्धा पोसलेली. बहुतेक तिथलीच माणसं खातात. थंडी पडायला लागली की तिच्यामागे वेडी होतात, आपल्याकडे मासेमारी सुरू झाली की माणसं बांगड्यामागे होतात तशी. इंडोनेशिया आणि फिलिपाइन्सची निळी कुर्ली डब्यात बसून अमेरिकेला जाते. मागणी आली तशी लहान-मोठी न बघता उपसली, आता लहान कुर्ली आणि अंड्यांवरची मादी परत पाण्यात सोडा म्हणून नियम केलेत. तिथला आकडा एक वर्ष चढतो, एक वर्ष बसतो.

अलास्काची गोष्ट ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. बर्फासारखा समुद्र, कोट्यवधी कुर्ल्या. पाणी तापलं आणि दोन-तीन वर्षांत त्या नाहीशा झाल्या. लागोपाठ दोन हंगाम बोटी बांधून ठेवाव्या लागल्या, आता कुठे थोडी मासेमारी सुरू झाली आहे. नॉर्वेत उलटंच. रशियाच्या बाजूला माणसांनीच आणून सोडलेली एक राक्षसासारखी कुर्ली पसरत पसरत त्यांच्या किनाऱ्याला लागली. तिकडचे कोळी तिला शिव्याही घालतात आणि विकतातही.

म्हणजे मामा, समुद्रातली कुर्ली कुठे चढते, कुठे पडते. भरवशाने वाढतेय ती पोसलेली. आणि आपली खाडीतली, चिखलात राहणारी, मोठ्या नांग्यांची काळपट कुर्ली लोकांना जिवंत लागते. इथल्या हॉटेलांत काचेच्या टाक्यांत तीच बसलेली असते, श्रीलंकेची, इंडोनेशियाची, आपल्या देशातलीही. चीनच्या खाचरातल्या ढिगाचा तिला फारसा धक्का नाही. तुषारदादाला सांगा, जागा विकायची तर विका, पण चीनच्या नावावर विकू नका.

माझं उत्तम चाललंय. ऑफिसात आता सगळे देश माझ्याकडेच दिलेत. समोरच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा आत्ताच झाली, आणि पोरांनी असा गलका केलाय की खिडकी लावून घेतली.

उकडा तांदूळ मिळतो. तिरफळं घातलेलं मामीचं माशांचं हुमण मिळत नाही.

तुमची
सेजल


कोरगाव
२३ नोव्हेंबर २०२५

सेजलबाय,

तुझं पत्र मी बाजारात, टिंट्यावर, महादेवच्या चहाच्या दुकानात मोठ्याने वाचलं. अलास्का कुठे हे कोणालाच धड माहीत नव्हतं, पण एवढ्या कुर्ल्या नाहीशा झाल्या म्हटल्यावर सगळे पुढे सरकून ऐकायला लागले. मग महादेवने किटली खाली ठेवली आणि म्हणाला, "नाहीशो खंय जातल्यो? दुबईक गेल्यो आसतल्यो, आमच्या भुरग्यांसारख्यो." हसून हसून पुरेवाट. पण नंतर जो तो आपापल्या घरचा हिशेब मनात करत उठला. बाहेर पोर नाही असं घर आता वाड्यावर शोधावं लागतं.

तुषारलाही वाचून दाखवलं. चीनपाशी त्याने मान हलवली, पण हरला असं नाही म्हणाला. माझाच मुलगा तो.

आता खरी बातमी. गुरुवारी अमावास्या होती. अमावास्येच्या सुमाराला कुर्ली मांसाने भरलेली असते आणि पुनवेच्या सुमाराला पोकळ. चांदण्यात ती बिळाबाहेर पडत नाही, खात नाही, असं आमचे म्हातारे सांगायचे. मी याच्यावरच धंदा केला. तर गुरुवारी केरीच्या धक्क्यावर जाऊन कुर्ल्या विकणाऱ्या सुविधाच्या टोपल्यांपुढे बसलो आणि एकेक कुर्ली हातात घेऊन निवडली. पोटाच्या कडेला अंगठा दाबायचा. कवच दबलं तर आत नुसतं पाणी, ती परत. दगडासारखं लागलं तर टोपलीत. सुविधा वैतागली. "बाबुराव, कुर्ल्यो घेतात की घरात सून पळयतात?" मी म्हटलं, सून बघताना एवढा वेळ लावला नव्हता.

एकही पोकळ घेतली नाही. सगळ्या तळ्यात सोडल्या. आता खाऊन खाऊन अशा होतील की नॉर्वेवाले बघायला येतील. तुझी मामी मात्र बांधावर उभी राहून म्हणाली, "भरलेल्योच हाडल्यात तर सरळ खानावळीत शिजवात. तळ्यात सोडून त्यांचं काय काजार करतलात?" आमचं काजार होऊन घरात आली त्या दिवसापासून ही मला असंच बोलते.

आता एक विचारतो. तुझ्या पत्रावर ११ तारीख. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं, मंगळवार. मंगळवारी शाळेची मधली सुट्टी झाली तेव्हा तू घरात खिडकीपाशी काय करत होतीस?

तुझा
बाबुमामा


सिंगापूर
६ डिसेंबर २०२५

मामा,

भरलेल्या? सगळ्या भरलेल्या?

अहो, उलट करायचं! व्हिएतनाम, फिलिपाइन्स, बांगलादेश, इथे जे लोक कुर्ली पोसून जाड करतात ते मुद्दाम पोकळ घेतात. नुकतीच कात टाकलेली, अंगापेक्षा कवच मोठं, आत नुसतं पाणी. बाजारात तिला कोणी हात लावत नाही म्हणून हे लोक तीच उचलतात. बांबूचे खण करून प्रत्येकीला वेगळी ठेवतात, रोज मासळी घालतात, पाणी खेळतं ठेवतात. साधारण महिनाभरात ती मांसाने भरते. त्या देशांचा आकडा असा वाढलाय. लोकांनी परत केलेल्या कुर्ल्यांवर.

भरलेल्या कुर्लीला पुढे काय उरतं, सांगा. कात टाकणं. आणि गर्दीत एकीने कात टाकली, अंगाने मऊ झाली, की बाकीच्या तिला ठेवत नाहीत. मामीचंच खरं. हे पत्र मिळताच सगळ्या काढा आणि शिजवा. चूक माझीही आहे. देशांच्या गोष्टी सांगत बसले आणि तुम्ही कुठल्या कुर्ल्या सोडणार हे विचारलंच नाही. जन्मभर पोकळ कुर्ली बाजूला सारणारा माणूस आपण होऊन ती घेणार नाही, हे मला सुचायला हवं होतं.

शाळेचं म्हणाल, तर त्या दिवशी सुट्टी घेतली होती. डोकं दुखत होतं. आता मजेत आहे. रस्त्यांवर नाताळचे दिवे लागलेत, फार सुंदर दिसतं. ऑफिसातले सगळे चांगले आहेत, आम्ही मजेत असतो. आईने विचारलं तर सांगा, सेजल मजेत आहे.

तुमची
सेजल


कोरगाव
८ जानेवारी २०२६

सेजलबाय,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र नाताळच्या गर्दीत कुठेतरी अडकून पडलं होतं, आणि मिळालं तेव्हा शिजवायला फारसं काही उरलं नव्हतं.

तू लिहिलंस तसंच झालं. तळ्यावर आमचा राखणदार गोपाळ राहतो, दोडामार्गचा. तो एका सकाळी खानावळीत आला आणि दारातच उभा राहिला. मी पोदेराकडून पाव घेत होतो. म्हटलं, काय रे? म्हणाला, "शेठ, ह्यांनी एकमेकांक खाल्ल्यानी." मानशीचं दार उघडून पाणी उतरवलं. चिखलात कवचंच कवचं. जिवंत होत्या त्या कोपऱ्याकोपऱ्यात नांग्या वर करून बसलेल्या, माझ्याकडेच बघत होत्या असं वाटलं. तुषार आला, बांधावर उभा राहिला. काही बोलला असता तर मी भांडलो असतो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. ते जास्त लागलं. दिल्लीवाल्यांना होय म्हणून टाकावं, असं दोन दिवस माझ्याही मनात होतं.

मग तुझं पत्र आलं. ते वाचून गोपाळला बांबू तोडायला पाठवलं, आणि शनिवारी, नेमक्या पुनवेच्या दिवशी, केरीला गेलो. सुविधा नेहमीसारखी भरलेल्या पुढे करायला लागली. मी म्हटलं, पोकळ दे. तिला वाटलं मी चिडवतोय.

"पोकळ?"

"पोकळ. दबते ती."

ती उठूनच उभी राहिली. "बाबुराव, तुमची प्रकृती बरी आसा मू? जल्मभर माझ्यो पोकळ कुर्ल्यो तोंडार मारल्यात, आणि आज पोकळ्योच जाय?" शेजारच्या बायका जमल्या. एकीने मला लिंबूसरबत दिलं.

बाय, तुला खरं सांगू? हात घेईना. अंगठा दबला की हात आपोआप कुर्ली मागे टाकतो. डोकं म्हणतं घे, हात म्हणतो टाक. शेवटी मी हात मागे बांधून बसलो आणि सुविधाला म्हटलं, तूच निवड, मी जी टाकली असती ती टोपलीत घाल. तिने फार आनंदाने निवडल्या. आता त्या बांबूच्या खणांत आहेत, जिला तिला आपली खोली. टिंट्यावर मात्र माझी गोष्ट झाली आहे. महादेव चहा देताना विचारतो, "भरलेला कोप देऊ की पोकळ?"

हे झालं तळ्याचं. आता दुसरं. तुझ्या पत्राचा पहिला भाग हाताला जड लागला, एकेक शब्द भरलेला. मग शेवटचा भाग घेतला आणि अंगठा दाबला. दबला, बाय. चार ओळींत तीनदा मजेत. मजेत असलेलं माणूस एवढं सांगत बसत नाही. आणि चतुर्थीपासून फोन नको, पत्र हवं, हे काय होतं तेही आता लक्षात आलं. तुला माझ्या कानांची भीती वाटली. फोनवर नुसतं "हॅलो मामा" म्हणालीस तरी मी ओळखलं असतं.

मी कोणाला सांगणार नाही. मामीलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून लपवणं किती कठीण ते तुला माहीत आहे. लिही.

तुझा
बाबुमामा


सिंगापूर
१९ जानेवारी २०२६

मामा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि लिंबूसरबतापाशी दोन्ही वेळा हसले. मग शेवटचा भाग वाचला.

आमचा विभाग बंद झाला. चतुर्थीच्या सुमारालाच सांगितलं होतं. देशोदेशीचे आकडे आता संगणक आपला आपण गोळा करतो, रेघाही तोच काढतो. फेब्रुवारी संपेपर्यंत माझी नोकरी नावाला आहे. आठवड्यातून दोन दिवस जायचं, जुनी कपाटं रिकामी करायची. शाळेची घंटा मी रोज ऐकते.

खूप ठिकाणी अर्ज केले. उत्तर येतं तेव्हा फार सभ्य भाषेत येतं.

आईला सांगितलं नाही. तुम्हीच लिहिलंत ना, ती भाऊबीजेला सगळ्यांना काय सांगत होती. सर्वणमधून परदेशात नोकरीला गेलेली आमच्या घरातली मी पहिली. जाताना वाड्यावरची माणसं सोडायला आली होती. आता एकतिसाव्या वर्षी, ना नोकरी, ना दुसरं काही, हात हलवत त्याच दारात उतरायचं? मामा, मला ते जमेल असं वाटत नाही. दुसऱ्या कुठल्यातरी शहरात काहीतरी बघेन. मग सांगेन आईला.

शेवटचा तक्ता परवा पूर्ण केला. गंमत बघा, इतकी वर्षं देश मांडले, त्यात आपल्या देशाची एकच ओळ असायची. त्या ओळीत कोरगाव कुठे असणार! तरी भारताचा आकडा लिहिताना दर वेळी मला तुमची सायकल आठवायची.

खणांतल्या कुर्ल्या कशा आहेत? खातात का? पाऊस नसताना पाणी फार खारट होतं, त्याकडे लक्ष ठेवा. गोड्या पाण्याचा पाट जवळ असेल तर थोडं मिसळा.

सेजल


कोरगाव
३ फेब्रुवारी २०२६

सेजलबाय,

आधी कुर्ल्यांचं सांगतो, कारण तू आधी त्यांचं विचारलंस असं मी समजतो.

पाट आहे. पाणी मिसळलं. गोपाळ रोज जेटीवरची उरलेली मासळी आणून घालत होता. पहिले दिवस त्या खणाच्या तळाशी नुसत्या बसून. मला वाटलं, झालं, याही गेल्या. मग खायला लागल्या. रविवारी एक बाहेर काढली आणि डोळे मिटून अंगठा दाबला. मिटलेच होते डोळे, खोटं कशाला सांगू. दगड, बाय! दुसरी काढली, दगड. गोपाळ ओरडला, "शेठ, भरली!" मीही ओरडलो. पलीकडच्या मिठागरातली माणसं धावत आली, त्यांना वाटलं साप चावला.

दुपारी मामीने त्यांची शाकुती केली. तुषारला मुद्दाम काही सांगितलं नाही. तो जेवायला बसला, नांगी फोडली, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "ह्यो त्योच? पुनवेच्यो?" मी मान हलवली. तो जेवत राहिला. मामीला म्हणाला, "मम्मी, आनीक एक आसा?" हात धुतल्यावर दारापुढच्या बाल्कांवावर जाऊन त्याने दिल्लीला फोन लावला. मी आतच होतो, पण माझे कान तुला माहीत आहेत. "सॉरी सर," म्हणाला, "फादर के तालाब में काम चालू है।" मग आत येऊन माझ्यासमोर बसला. "पप्पा, तुमचा हात पोकळ कुर्ली घेत नाय. गोपाळाक पाण्यातलं मीठ कळत नाय. माका गाड्यांशिवाय कायच कळत नाय. हें सगळं जाका कळता ताका आपयात मरे." तुला बोलवायचं मी काहीच सुचवलं नव्हतं, देवाशपथ. तुझ्या नोकरीचं त्याला ठाऊकच नाही. उलट विचारतो, "सेजलाक थंयची एवढी मोठी नोकरी सोडूंक सांगप बरें दिसतलें?"

सोमवारी चार कुर्ल्या घेऊन सर्वणला गेलो. दिलेला शब्द मी पाळला, तोंड उघडलं नाही. तुझी आई अंगणात आळसांद्याच्या शेंगा सोलत होती. कुर्ल्या बघून म्हणाली, "बऱ्यो भरल्यात." मग सोलता सोलताच, मान वर न करता, "बाबू, तू कितें सांगूंक आयला तें माका खबर आसा."

मी म्हटलं, मी काहीच सांगायला आलो नाही.

"सांगूं नाका. तिचो आवाज चवथीपासून बारीक जाला. फोनार दर वेळार म्हणटा बरें आसां, बरें आसां. आवय मगे हांव."

म्हटलं, मग भाऊबीजेला ते साहेबीण साहेबीण काय होतं, शेवंती?

तेव्हा तिने मान वर केली. "हांव इतकें बोल्लें म्हणून कोणे कायच विचारूंक ना. विचारिल्लें जाल्यार?"

बघ बाय. तू तिला वाचवत होतीस, ती तुला वाचवत होती, आणि मी मधे बसून शहाण्यासारखा एकीची पत्रं वाचत आणि दुसरीचे पोहे खात होतो. कान माझे चांगले म्हणे! निघताना ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, तिला सांग, पाठची खोली सारवून घेतली आहे, आळसांदे यंदा पुष्कळ झालेत, एकटीला संपत नाहीत.

आम्ही सगळे असेच बोलतो. ये असं कोणी म्हणत नाही. म्हणून मी लिहितो. ये.

तुझा
बाबुमामा


सिंगापूर
१४ फेब्रुवारी २०२६

प्रिय मामा,

काल आईला फोन केला. "हॅलो" म्हटलं आणि तिने तेवढ्यावरूनच ओळखलं. मग ती म्हणाली, "आळसांदे सुकत घालूं की तसेच दवरूं?" मी म्हटलं, तसेच ठेव.

तुषारदादाला सांगा, मोठी नोकरी सोडायला मी तयार आहे. मला फार समजावावं लागलं नाही. खण वाढवायचे असतील तर आत्ता घाई करू नका. मी आले की पाणी तपासू, मग ठरवू. आणि अंड्यांवरची मादी एकही घ्यायची नाही, सुविधाताईंना आजच सांगून ठेवा. इंडोनेशियाने उशिरा केलं ते आपण पहिल्या दिवसापासून करू.

तीन मार्चला सकाळी मोपाला उतरते. तुमच्यासारखं मीही कॅलेंडर बघितलं. त्या दिवशी होळीची पुनव आहे, मामा. पुनवेला हाताला काय लागतं ते तुम्हाला मी काय सांगू! मीही तशीच येतेय, चालेल ना?

तुमची
सेजल


कोरगाव
३ मार्च २०२६
तुषारच्या हाती

सेजलबाय,

विमानतळावर आलो नाही म्हणून रागावू नको. आज पुनव, सुविधा धक्क्यावर टोपल्या घेऊन बसली असेल. तुषार तुला आधी सर्वणला नेईल. वाटेत त्याला कुर्ल्यांचं काही विचारू नको, तो आता सगळ्यांना शिकवतो.

सकाळी मानशीचं दार उघडून नवीन पाणी घेतलं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आज माझा मीच निवडणार आहे, हात मागे न बांधता. हल्ली मी पोकळच घेतो.

मामा